छोटीच्या कानाची हकीकत

दिमोनातल्या हॉलमध्ये २०२५ च्या उन्हाळ्याअखेर एका मुलीच्या मेंदीचा कार्यक्रम होता. चिकाच्या हलव्याची बशी हातात घेऊन आम्ही खुर्ची शोधत होतो, तेवढ्यात आमच्याच वयाच्या एका बाईंनी आम्हांला गाठले. “सिस्टर, खरं सांगा, तुमच्या बहिणीच्या नातीच्या मेंदूत म्हणे रेडिओ बसवलाय. मग तिला रात्री झोपेत गाणी ऐकू येतात का हो?” बाई मनाने वाईट नव्हत्या. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचे होते. पण आमची भाची, म्हणजे त्या मुलीची आई, चार खुर्च्या पलीकडेच बसली होती. तिने ऐकले आणि मान खाली घालून ती मुलीच्या हातावरची मेंदी फुंकू लागली. परतताना गाडीत ती म्हणाली, “मावशी, तू मासिकात लिहितेस ना अधूनमधून? एकदाचं हे लिहून टाक. प्रत्येक लग्नात मला तेच तेच सांगावं लागतं.”

म्हणून हा लेख. नावे कोणाची देत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहेच. मुलीला घरी आम्ही छोटी म्हणतो, तेच इथे चालेल. ऑपरेशन कोणत्या देशात आणि कोणाच्या हातून झाले तेही घरच्यांच्या इच्छेवरून लिहीत नाही.

पण छोटीकडे येण्याआधी वाचकांना आमची स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. ती लपवून पुढचे लिहिणे बरोबर नाही.

आम्ही माझगावच्या सर एली कदूरी शाळेतून अकरावी एस.एस.सी. झालो आणि त्याच वर्षी, १९७४ साली, आईवडिलांबरोबर इस्राएलला आलो. उल्पानमध्ये हिब्रू गिरवले, नर्सिंग केले, काही वर्षे बालरुग्णांच्या विभागात काढली आणि मग निवृत्त होईपर्यंत टिपत हलावमध्ये होतो. त्या काळी आठ-नऊ महिन्यांच्या बाळाची श्रवणचाचणी नर्सच करीत. पद्धत साधी होती. आई बाळाला मांडीवर घेऊन बसायची. एक नर्स समोर बसून बाळाचे लक्ष एखाद्या खेळण्यात गुंतवायची. दुसरी मागे, बाळाच्या नजरेआड, हळूच घुंगरू किंवा घंटी वाजवायची. बाळाने मान वळवली की कार्डावर बरोबरची खूण, आणि पुढचे बाळ आत.

१९८५ च्या सुमाराची गोष्ट. एका मुलाने घंटीकडे झटकन मान वळवली. दोन्ही बाजूंना, दोन्ही वेळा. आम्ही खूण केली, खाली सही केली. दोन वर्षांनी तीच आई त्याच मुलाला घेऊन आली. मूल ठार बहिरे होते. तिने ते कार्ड आमच्यापुढे टेबलावर ठेवले आणि आमच्या सहीवर बोट ठेवले. एक शब्द बोलली नाही. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही रिकाम्या खोलीत त्या आईच्या खुर्चीवर जाऊन बसलो, तेव्हा कळले. समोर औषधांचे काचेचे कपाट होते. मागे उभ्या असलेल्या नर्सचा हात त्या काचेत स्वच्छ दिसत होता. पोराने घंटी ऐकली नव्हती, पाहिली होती. बहिरी बाळे फार हुशारीने बघतात. कपाट आम्ही दुसऱ्या दिवशी हलवले, पण त्या मुलाची दोन वर्षे गेली ती गेलीच.

दुसरी चूक आम्ही एकट्यांनी केली नाही, सगळ्यांनी मिळून केली. म्हणून ती कमी लागते असे नाही. त्या बाईला आम्ही, त्या वेळी शिकवले गेले होते तसे, सांगितले, “हातवारे करू नका. केलेत तर मूल बोलायचा आळस करील.” आमच्याच नेगेवमध्ये, बेएर शेवापासून फार लांब नाही, अल-सय्यद नावाचे बेदुईन गाव आहे. तिथे आनुवंशिक बहिरेपणा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, आणि त्या गावाने स्वतःची खुणांची भाषा तयार केली. ऐकणारी माणसेदेखील ती सहज बोलतात. सुमारे साडेतीन हजारांच्या वस्तीत दीडशेच्या आसपास बहिरी माणसे असल्याचे अभ्यासकांनी नोंदवले, आणि २००५ साली त्या भाषेवरचा शोधनिबंध अमेरिकेत प्रसिद्ध झाला तेव्हा जगाचे लक्ष तिकडे गेले. तिकडच्या आया दवाखान्यात आल्या की आम्ही त्यांच्या झरझर फिरणाऱ्या हातांकडे बघत असू आणि मनात म्हणत असू, किती मागासलेले. मागासलेले कोण होते, ते कळायला आम्हांला म्हातारपण यावे लागले.

आता छोटीबद्दल.

छोटी २०१७ साली जन्मली. इस्राएलमध्ये २०१० पासून प्रत्येक नवजात बाळाची श्रवणचाचणी प्रसूतिगृहातच होते, हे वाचकांना माहीत असेल. बाळाच्या कानात मऊ बोंडाचे एक यंत्र ठेवतात. ते बारीक टिकटिक आवाज आत सोडते आणि कानाच्या आतून त्याचा जो प्रतिसाद येतो तो टिपते. आतल्या केशपेशी धडधाकट असल्या की त्या स्वतःच एक सूक्ष्म प्रतिध्वनी परत पाठवतात. छोटीच्या दोन्ही कानांतून तो आला. यंत्रावर हिरवा दिवा लागला, कागदावर बरोबरची खूण झाली. आम्हीच भाचीला म्हणालो, “आमच्या घंटीपेक्षा हे बरं. यंत्राला काचेचं कपाट दिसत नाही.”

आणि हे यंत्रही चुकले. खरे म्हणजे यंत्र चुकले नव्हते. त्याला विचारले तेवढ्याचे उत्तर त्याने दिले होते. केशपेशी आहेत का? आहेत. त्यांच्यापासून मेंदूकडे तार गेली आहे का, हे त्याला कोणी विचारलेच नव्हते.

चौदा महिन्यांची झाली तरी हाक मारली तर बघेना. घरात नाना मते. छोटीची आजी, म्हणजे भाचीच्या सासूबाई, मूळच्या रेवदंड्याकडच्या, आज अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. त्या म्हणाल्या, “हिचा बाप तीन वर्षांचा होईस्तवर बोलला नव्हता, उगाच घाबरवू नका.” दुसऱ्या कोणीतरी ग्रहणाची आठवण काढली: भाचीने गरोदरपणी ग्रहणात काही चिरले होते का? जग चंद्रावर जाऊन आले तरी गरोदर बाईच्या सुरीवरचा आमचा संशय जात नाही! आम्ही मात्र एका दुपारी छोटी पाठमोरी खेळत असताना दोन पातेल्यांची झाकणे एकमेकांवर आपटली. आधी भिंतीवर आरसा नाही ना, ते पाहून घेतले. छोटी ढिम्म हलली नाही. शेजारीण मात्र धावत आली.

पुढची तपासणी झोपेचे औषध देऊन झाली. डोक्याला चिकटवलेल्या तारांनी मेंदूच्या देठाकडून येणारी वीज मोजतात. कानात कितीही मोठा आवाज दिला तरी रेघ सपाट. मग एम.आर.आय. कानाकडून मेंदूकडे हाडातून एक बारीक बोगदा जातो. त्याचा आडवा छेद घेतला की चार नसांचे चार ठिपके दिसायला हवेत: एक चेहऱ्याच्या नसेचा, दोन तोल सांभाळणाऱ्या नसांचे, आणि खालच्या बाजूला पुढे एक, ऐकण्याच्या नसेचा. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवले. उजव्या कानात तीन ठिपके. डाव्या कानातही तीनच.

ज्यांनी हे कधी पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे समजावून सांगतो. आवाज कानाच्या पडद्यावर आदळतो, तीन इवल्या हाडांतून आत जातो आणि अंतर्कर्णात पोचतो. तो भाग रेवदंड्याच्या वाळूत सापडणाऱ्या बारक्या शंखासारखा असतो, अडीच वेढ्यांचा. त्यात केशपेशी आवाजाची वीज करतात आणि सुमारे तीस हजार तंतूंची एक नस ती वीज मेंदूच्या देठातल्या पहिल्या ठाण्यापर्यंत नेते. बहुतेक बहिऱ्या मुलांत बिघाड केशपेशींचा असतो. नस शाबूत असते. अशा मुलांना कॉक्लियर इम्प्लांट बसवतात, म्हणजे शंखात बारीक तार सरकवून नसेला थेट वीज देतात. आपल्या समाजातही अशी मुले आहेत आणि त्यांतली काही फोनवर घडाघडा बोलतात. पण नसच नसेल तर? मुंबईच्या जुन्या चाळीतल्या टेलिफोनची कल्पना करा. फोन नवा कोरा, एक्स्चेंजही चालू, पण चाळीपासून एक्स्चेंजपर्यंत लाइनच टाकलेली नाही. असा फोन कितीही वेळा बदलला तरी काय उपयोग? (नस अगदीच नाही की केसाएवढी तरी आहे हे चित्रात नेहमीच स्पष्ट कळत नाही. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी आधी कॉक्लियर इम्प्लांट करून पाहतात. छोटीच्या बाबतीत तज्ज्ञांना तीही आशा वाटली नाही.)

तेव्हा एकच वाट राहते. तार थेट एक्स्चेंजवर नेऊन ठेवायची, म्हणजे मेंदूच्या देठावर. यालाच ब्रेनस्टेम इम्प्लांट म्हणतात.

ही युक्ती मुळात लहान मुलांसाठी निघालेली नव्हती. काही माणसांना दोन्ही बाजूंच्या नसांवर गाठी होतात, आणि गाठ काढताना ऐकण्याची नसही जाते. १९७९ साली लॉस एंजेलिसला विल्यम हाउस आणि विल्यम हिट्सेलबर्गर या दोन डॉक्टरांनी अशाच एका स्त्रीच्या मेंदूच्या देठावर गाठ काढतानाच इलेक्ट्रोड ठेवला. पुढे अमेरिकन सरकारने २००० साली याला परवानगी दिली, तीही फक्त अशा गाठीच्या रोग्यांना आणि बारा वर्षांवरच्यांना. त्याच सुमारास इटलीत व्हेरोना इथे व्हित्तोरियो कोलेत्ती यांनी गाठ नसलेल्या, जन्मतः नस नसलेल्या मुलांत ते बसवायला सुरुवात केली. त्यावर मोठा वाद झाला. निरोगी मुलाची कवटी केवळ ऐकण्यासाठी उघडायची का, असे विचारणारे डॉक्टर होते आणि आजही आहेत. तरी काम वाढत गेले. अंकाराच्या हासेतेपे विद्यापीठात लेव्हेंट सेनारोग्लू यांनी बरीच मुले हाती घेतली, आपल्या भारतात चेन्नईला मोहन कामेश्वरन यांनी हे काम केले, अमेरिकेत मुलांवरच्या चाचण्यांना २०१३ साली मुभा मिळाली, आणि इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २०१९ साली लहान मुलांसाठी याचा खर्च उचलण्याचे जाहीर केले.

त्याच २०१९ साली आमच्या बहिणीच्या घरी रोज रात्री याच विषयावर बैठक भरत होती.

सगळे आमच्याकडे बघत. नर्स घरात असली की तिने सांगावे, आणि चुकले तर तिच्या नावाने खडे फोडावेत, हा आपल्याकडचा रिवाज आहे. आम्ही जे वाचले आणि ज्यांना विचारले त्यावरून आमचे मत ‘नको’ असे झाले होते. कॉक्लियर इम्प्लांटसारखे यश यात मिळत नाही. बहुतेक मुलांना आवाज झाल्याचे कळते, ओठ वाचायला मदत होते, काहींना थोडे शब्द येतात. नुसते ऐकून वाक्य समजणारी मुले थोडी. त्यासाठी अडीच वर्षांच्या पोरीच्या कानामागे कवटी उघडायची, लहान मेंदू हळूच बाजूला सारायचा. शिवाय मेंदूभोवतीचे पाणी गळणे, मेंदुज्वर, अशी धास्ती. आम्ही म्हणालो, “आधी खुणांची भाषा शिकवा, घरातले सगळे शिका. ऑपरेशनचं मागाहून बघू.”

जावई काही बोलले नाहीत. भाची मात्र उसळली. “मागाहून म्हणजे कधी मावशी? ते म्हणतात लवकर केलं तरच मेंदू शिकतो. तुझ्या घंटीने त्या मुलाची दोन वर्षं घालवली, आता माझ्या मुलीचीही घालवायची का?”

ती घंटीची गोष्ट आम्हीच तिला कधीतरी सांगितली होती. त्या रात्री आम्ही न जेवता घरी आलो.

दोन दिवसांनी ती स्वतः आली. माफी वगैरे काही मागितली नाही, मांडीवर छोटीला घेऊन बसली आणि म्हणाली, “आम्ही दोन्ही करणार. खुणाही शिकणार आणि ऑपरेशनही करणार. तू बरोबर येशील का?” आम्ही हो म्हणालो. मत बदलले नव्हते. पण मत हे आईचे मोजायचे असते, मावशीआजीचे नव्हे.

निघण्याच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी नवस केला: छोटीने तोंडाने ‘आजी’ म्हटले की एलियाहू हनाबीचा मलिदा घालीन.

ऑपरेशनच्या दिवसाचे फार लिहीत नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांना स्ट्रेचरवरून आत नेले, पण दाराच्या बाहेरच्या बाजूला बसायची सवय नव्हती. इलेक्ट्रोडची पट्टी करंगळीच्या नखाहून लहान असते. तिच्यावर कंपनीप्रमाणे बारा किंवा एकवीस ठिपके. छोटीची एकवीसची. देठाच्या बाजूला एक खोबणी आहे, तिच्यात ती सरकवतात आणि जागेवर बसली की नाही हे लगेच वीज देऊन, मेंदूची रेघ बघून तपासतात. मिलिमीटरभर इकडे तिकडे झाले तरी चालत नाही, कारण शेजारीच चेहऱ्याची, घशाची आणि हृदयापर्यंत जाणाऱ्या नसेची ठाणी आहेत.

त्या शेजाराचा अनुभव सहा आठवड्यांनी आला. यंत्र पहिल्यांदा चालू करायचे त्या दिवशी खोलीत हृदयाचा आलेख लावलेला, भूलतज्ज्ञ दाराशी उभे. कानामागे प्रोसेसर अडकवला, डोक्यावर चुंबकाने गोल चकती चिकटवली. एकेक ठिपका जपून चालू करू लागले. चौथ्याला छोटीला खोकला आला. सातव्याला डावी पापणी फडफडली. एकाला ती एकदम आईला बिलगली, गरगरले असावे. जिथे असे होई तो ठिपका कायमचा बंद. एकविसांपैकी अकरा उरले. आणि त्या अकरांतल्या एकाला छोटी खेळता खेळता थांबली. हातातला ठोकळा तसाच हवेत. मग खालचा ओठ बाहेर आला आणि ती मोठ्याने रडू लागली. भाचीही रडली. ऑडिओलॉजिस्ट बाई म्हणाल्या, “रडणं चांगलं. काहीतरी पोचलं.”

काय पोचले, हे मात्र कोणालाच कळत नाही. शंखात सूर पेटीच्या पट्ट्यांसारखे ओळीने मांडलेले असतात, एका टोकाला उंच, दुसऱ्या टोकाला खर्ज. देठातल्या ठाण्यात तेच सूर थरांनी खोल गेलेले असतात आणि पट्टी तर वरच्या वर ठेवलेली. म्हणजे कीर्तनाची पेटी कोणीतरी उघडून पट्ट्या वाटेल तशा पुन्हा लावल्या आहेत. मोठे माणूस सांगू शकते की हा सूर उंच लागला, तो खाली लागला. अडीच वर्षांचे मूल काय सांगणार? म्हणून यंत्र पुनःपुन्हा जुळवायला जावे लागते, महिन्यामहिन्याने, मुलाच्या चेहऱ्याकडे बघत.

आणि नेमकी तेव्हाच, मार्च २०२० मध्ये, कोरोनाने विमाने बंद केली. कित्येक महिने जुळवणी राहिली. वर जो तो तोंडाला मास्क लावून. जिला ओठांवरूनच अर्धे समजायचे तिच्यासमोर सगळ्या जगाने ओठ झाकून घेतले. त्या वर्षी छोटी घरच्यांच्या हातांकडे बघूनच वाढली, आणि भाचीने खुणांची भाषा आधी शिकून ठेवली होती हेच कामाला आले. आम्ही ‘बघा, आम्ही म्हणत नव्हतो’ असे म्हणालो नाही. मनात आले होते.

एक गंमत सांगायची राहिली. वाक्‌शिक्षिकेने घरात बोलताना एकच भाषा ठेवा, हिब्रू, असे सांगितले. त्यामुळे सासूबाईंना नातीसमोर मराठी बंद झाली. हिब्रू त्यांची भाजीबाजारापुरती. इतर नातवंडे तर त्यांचे मराठी ऐकून खांदे उडवतात. घरोघरी तेच आहे. म्हातारी आठवडाभर गप्प गप्प राहिली. मग एक दिवस भाचीच्या खुणांच्या वर्गात जाऊन बसली, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर. बोटे सांधेदुखीने वाकडी, त्यामुळे तिच्या खुणा जरा कोकणी होतात असे आमचे यजमान म्हणतात. पण आज त्या घरात आजीशी सगळ्यात जास्त गप्पा कोण मारत असेल, तर छोटी.

आज छोटी आठ वर्षांची आहे. तिला काय ऐकू येते हा प्रश्न सगळे विचारतात, तर जे आम्ही डोळ्यांनी पाहिले तेच लिहितो. शांत खोलीत नाव घेऊन हाक मारली तर बहुधा वळते. दारावरची थाप, कुत्रा, बस यांची चाहूल लागते. ‘इमा’ म्हणते, ‘मायिम’ म्हणते, अजून पंधरावीस शब्द घरच्यांना कळतील असे म्हणते. ओठ आणि आवाज दोन्ही मिळाले तर साधे वाक्य समजते. ओठ झाकले की गाडी थांबते. शाळेत खुणांवर शिकते आणि गणितात वर्गात पुढे आहे. शब्बाथला शेमा म्हणताना सगळे डोळ्यांवर हात धरतात, तेव्हा ती बोटांच्या फटीतून बापाच्या ओठांकडे बघत असते. बापाने तशी परवानगी दिली आहे. झोपताना आणि न्हाताना यंत्र काढून ठेवायचे असते, आणि काढले की पूर्ण शांतता. तेव्हा झोपेत गाणी ऐकू येतात का, याचे उत्तर: नाही हो, बाई.

आता कुकरची गोष्ट. आम्ही बेएर शेवाला भाचीकडे राहायला गेलो होतो. दुपारी वरणाला कुकर लावला. पहिली शिट्टी झाली तशी छोटी पुस्तक टाकून उठली, धाकट्या भावाला दंडाला धरून फरफटत ममादमध्ये नेले आणि दार ओढू लागली. तिला सायरन वाटला! आम्ही सगळे हसलो. भाऊ तर लोळून हसला. छोटी आमच्या तोंडांकडे बघत उभी राहिली. तिच्या कानी लांबून काहीतरी वाढत जाणारे आले होते, ते अंगावर येणारे आहे की जेवणाचे आहे हे सांगणारी पट्टी तिच्या पेटीत नव्हती, आणि तिने शाहाण्यासारखे धाकट्याला आधी वाचवले होते. भाची हसता हसता थांबली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. त्या घरात आता शिट्टीचा कुकर वापरत नाहीत. डाळ उघड्या पातेल्यात शिजते.

जून २०२५ मध्ये इराणची क्षेपणास्त्रे येत होती त्या रात्री आम्ही तिथेच होतो. दिवसा ठीक होते. रात्री यंत्र काढलेले, मूल झोपेत. फोन थरथरले की बाप तिला उचलून ममादमध्ये आणायचा. एका रात्री दिवा गेला. अंधारात ना यंत्र, ना ओठ, ना हात दिसत. छोटी किंचाळू लागली. तिला स्वतःचे किंचाळणेही ऐकू येत नव्हते, त्यामुळे त्याला माप नव्हते. चार्जिंगला लावलेला प्रोसेसर बाहेर टेबलावर. तो आणायला जायचे नाही म्हणून भाचीने नवऱ्याला धरून ठेवले. तेव्हा सासूबाईंनी अंधारात चाचपून पोरीचा हात शोधला आणि तिच्या तळव्यावर, बोटांवर, एकेक खूण दाबून करायला सुरुवात केली. काय सांगितले ते आम्हांला दिसले नाही. थोड्या वेळाने किंचाळणे हुंदक्यांवर आले. जमीन हादरली, ती मात्र छोटीला आमच्याआधी कळली. १९ जूनला सकाळी सोरोका हॉस्पिटलवर क्षेपणास्त्र पडले तेव्हाही.

ऑपरेशन करावे की नाही, असे आम्हांला आता दोन-तीन कुटुंबांनी विचारले. आम्ही हो किंवा नाही सांगत नाही. एवढेच सांगतो की कागदावर बरोबरची खूण असली तरी मूल हाकेला वळत नसेल तर मेंदूच्या देठाची तपासणी मागा, चित्रातले ठिपके स्वतः मोजा, आणि काहीही बसवायचे असो वा नसो, खुणा त्याच आठवड्यापासून शिका. हल्ली पेपरांत एका जनुकाच्या इंजेक्शनने बहिरी मुले ऐकू लागल्याचे येते. ते खरे आहे, २०२४ साली तसे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पण ते ओटोफर्लिन नावाच्या एका विशिष्ट दोषासाठी, ज्यांची नस आहे त्यांच्यासाठी. दरवेळी कोणीतरी ते कात्रण भाचीला पाठवते. कृपा करून पाठवू नये.

राहिला मलिदा. छोटी आजीला ‘आ-ई’सारखे काहीतरी म्हणते. ‘ज’ तिला दिसत नाही. तो ओठांवर उमटत नाही ना. जावयाचे म्हणणे, नवस ‘आजी’चा होता, अजून थांबावे. आमच्या बहिणीचे म्हणणे, ‘आ-ई’ म्हणजेच ‘आजी’. जुलैमध्ये सासूबाईंनी सगळ्यांना गप्प केले. “नवस माझा, कधी फेडायचा तेही मीच ठरवणार,” म्हणाल्या, आणि पोहे भिजवायला घेतले. खोबरे छोटीनेच किसले.

त्या दिवशी हॉलमध्ये फार गर्दी आणि गलका होता. गर्दीत छोटीचे यंत्र तिला नुसता गोंगाट देते. आमच्या यजमानांचेही तसेच. दिमोनाच्या कापडगिरणीत मागांवर त्यांनी तीस वर्षे काढली आणि कान तिथेच ठेवून आले. श्रवणयंत्र लावतात, पण बहुतेक वेळ ते खिशातच असते. मलिद्याच्या बश्या वाटून झाल्यावर दोघे दिसेनात. शोधत गेलो तर मागच्या पायऱ्यांवर बसून पत्ते खेळत होते. तिचा प्रोसेसर आणि त्यांची दोन यंत्रे मध्ये रुमालावर काढून ठेवलेली. आम्ही हाक मारली. दोघांपैकी कोणीही वर पाहिले नाही.